जुनी फिरती सॉ मिल घ्यायची आहे: बँडची की स्विंगची?

फिरती सॉ मिल म्हणजे ओंडक्यांच्या फळ्या पाडणारं, हलवता येणारं मशीन. बँडची मिल दोन चाकांवर ताणलेल्या पट्टीसारख्या पात्याने कापते, स्विंगची वळणाऱ्या गोल पात्याने. गेल्या सहा वर्षांत दोन्ही मशीनं माझ्या आवारात आली. आधी स्विंग मिल घेतली, दोन हिवाळे चालवली आणि विकली. मग एका शेतकऱ्याच्या कोठारात बरीच वर्षं धूळ खात पडलेली बँड मिल आणली, दुरुस्त केली, ती आजही चालू आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही. तरी ज्यांना आत्ता निवड करायची आहे त्यांनी कलापेक्षा कारणं बघावीत. तुमची जागा, तुमचे ओंडके आणि हाताशी असणारी माणसं माझ्याहून वेगळी असणार.

मी मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटपासून तासाभरावर. २००२ मध्ये या भागात एमराल्ड ॲश बोअरर हा हिरवा चकाकता भुंगेरा पहिल्यांदा सापडला आणि त्यानंतर ॲशची झाडं उभ्या उभ्या वाळत गेली. आमच्या साडेचार एकरांतही तेच झालं. वाळलेली ॲश ठिसूळ होते, तिच्या फांद्या केव्हा कोसळतील याचा नेम नसतो. म्हणून ती पाडायचं काम मी जाणत्या माणसांना दिलं. पाडलेली झाडं जळणाला देऊन टाकायला मन होईना. ज्या लाकडाच्या बेसबॉलच्या बॅटी आणि कुऱ्हाडीचे दांडे होतात, त्याच्या दोन फळ्या तरी घरात लागाव्यात असं वाटलं.

चेनसॉला चौकट लावून फळ्या पाडायचा पर्याय मी इथे धरत नाही. एखाद-दुसऱ्या रुंद फळीला ते ठीक आहे. पण प्रत्येक चिरेला जवळजवळ तीन सूत लाकूड भुशात जातं आणि संध्याकाळी हात बधिर होतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कोकणात काकांच्या वखारीत सगळा हिशोब सुतातच चालायचा आणि माझी ती सवय अजून गेलेली नाही.

स्विंग मिलची जात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची. लूकस, पीटरसन ही नावं जुन्या बाजारात दिसतात. हिच्यात ओंडका जागचा हलत नाही, रुळांवरून पात्याचं डोकंच पुढे-मागे जातं. गोल पातं आधी उभी चीर देतं, मग काटकोनात वळून आडवी देतं आणि फळी चौकोनी होऊन सुटी होते. मोठा ओंडका जिथे पडला तिथेच, दोन माणसांनी मशीन उचलून नेऊन, त्याच्यावर उभं करता येतं. ट्रॅक्टर नसलेल्याला ही केवढी सोय आहे, ते अडीच फुटी ओक रानात पडलेला असला की कळतं. पात्याला कार्बाइड या फार कठीण पदार्थाचे मोजके दात असतात. बॅटरीवरच्या लहान ग्राइंडरने ते पातं न काढता दहा मिनिटांत धारेला येतात. सालीत माती असली तरी पातं फारशी कुरकुर करत नाही, आणि फळीचा पृष्ठभाग वर-खाली होऊन तिला लाट म्हणून येत नाही. हे सगळं मी अनुभवलंय आणि त्या मशीनबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

जुनी स्विंग मिल दुरुस्त करणंही सोपं. गिअरबॉक्सचं तेल, काही बेअरिंग, कार्बोरेटर, रूळ वाकलेत का ते बघणं, एवढ्यात एक शनिवार-रविवार जातो. एक मात्र लक्षात ठेवा. तापून पात्याचा ताण बिघडला की ते ठोकून सरळ करणारा कारागीर शोधावा लागतो. ते काम घरचं नाही.

मग मी ती विकली का? एका त्रासापायी. माझ्या मशीनला रूळ खाली घ्यायची हातरहाटं दोन होती, दोन टोकांना एकेक. फळ्यांचा एक थर काढून झाला की या टोकाला जाऊन खुणेपर्यंत रूळ उतरवायचे, मग ओंडक्याला वळसा घालून त्या टोकाला जाऊन तेवढेच उतरवायचे, आणि परत यायचं. एका ओंडक्याला असे दहा-बारा थर. जानेवारीत, गुडघाभर बर्फात, एकट्याने. सकाळी हे जमतं. दुपारनंतर थकवा आला की एका टोकाला एक खूण जास्त उतरते आणि लक्षात येत नाही. लक्षात येतं ते सहा महिन्यांनी, फळी रंध्याखाली घातल्यावर: या टोकाला सव्वा इंच, त्या टोकाला इंच. माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या कितीतरी फळ्या अशा निमुळत्या निघाल्या, आणि सरळ करता करता त्यांची जाडीच संपली. काही मॉडेलांत एकाच बाजूने उचलायची सोय असते असं पाहिलंय, माझ्यात नव्हती. जोडीला माणूस असेल तर हा त्रास जवळजवळ उरत नाही. मी एकटा होतो.

बँड मिलचा त्रास वेगळ्या जातीचा आहे, आणि माझा निर्णय त्या फरकावरच झाला. बँड मिलचा कुप्रसिद्ध दोष म्हणजे लाट. रुंद ओंडक्यात पातं वर-खाली पोहतं आणि फळीचा पृष्ठभाग समुद्रासारखा होतो. मी आणलेल्या मिलने पहिल्याच दिवशी चौदा इंची ओंडक्यात अशी लाट काढली की फळीवर बशी ठेवली तर डुगडुगेल. पण ही लाट मोजता येते, तिचं मूळ शोधता येतं आणि ती काढून टाकता येते. स्विंग मिलचा वळसा तिच्या बांधणीतच होता. तो पाना-पकडीने जाणारा नव्हता.

लाटेचं मूळ कसं सापडलं ते सविस्तर सांगतो, कारण जुनी बँड मिल शिकणं म्हणजे बहुतांशी हेच शिकणं. पहिल्यांदा नवं, धारदार पातं लावून पाहिलं. लाट कमी झाली, गेली नाही. मग झाकणं उघडून चाकं बघितली. माझ्या मिलच्या चाकांवर रबरी व्ही-बेल्ट चढवलेले असतात आणि पातं त्यांच्या पाठीवर धावतं. माझे बेल्ट इतके झिजले होते की पातं थेट लोखंडी कडेवर घासत होतं. अशाने दातांना दिलेली दोन्हीकडची फाक मारली जाते आणि नवं पातंही तासाभरात म्हातारं होतं. बेल्ट बदलले. दोनपैकी एक सैलच बसतो, तो तसाच असतो हे पुस्तिकेत वाचेपर्यंत मी उगीच तीन दुकानं फिरलो.

मग पात्याला कापणीच्या दोन्ही बाजूंनी धरणारे मार्गदर्शक रोलर. एकाचं बेअरिंग जाम होतं, दुसऱ्याचा चेहरा झिजून उतरता झाला होता. हे रोलर पात्याला चाकांच्या रेषेपासून साधारण दोन सूत खाली दाबून धरायला हवेत. माझ्याकडे तो दाब जवळजवळ शून्यावर आला होता. पात्याची पाठ आणि रोलरची मागची कड यांत अर्धं सूत अंतर हवं, ते एका बाजूला चिकटलेलं होतं. नवे रोलर बसवले आणि मग खरी मोजणी केली. एक सरळ लोखंडी पट्टी पात्याच्या अंगाला, दातांना न टेकता, चिमट्याने आडवी लावली. तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून खालच्या पाटापर्यंतचं, म्हणजे ओंडका ठेवायच्या चौकटीपर्यंतचं, अंतर मोजलं. दोन टोकांत एक सुताचा फरक होता. पातं पुढच्या बाजूला तोंड खाली घालून चाललं होतं, म्हणून लाकडात शिरल्या शिरल्या बुडी मारायचं. रोलरचे स्क्रू पाव-पाव फेरा देत तो फरक काढला. सगळ्यात शेवटी पाट पाणसळीत घेतला आणि ओंडका टेकवायचे खुंट पाटाशी गुण्यात आणले. त्या दिवशी तेच लाकूड पुन्हा लावलं. फळीवर दोन फुटी पट्टी उभी धरली आणि खालून उजेड दिसला नाही. सुटे भाग, बेल्ट, रोलर, बेअरिंग, तेल मिळून खर्च चारशे डॉलरच्या आत बसला.

इंजिनाबद्दल थोडक्यात. बंद पडलेल्या मिलचं इंजिन बहुधा मेलेलं नसतं. इथेनॉलमिश्रित जुनं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकटून बसतं आणि पंख्याच्या झाकणाखाली उंदरांचं घर असतं. माझ्याकडे दोन्ही होतं.

बँड मिलच्या ज्या गोष्टी आजही आवडत नाहीत त्याही सांगतो. ओंडका स्वतः फिरवावा लागतो, चौकोनी करेपर्यंत तीनदा. आकडा लावलेल्या लांब दांड्याने मी एकटा वीस-बावीस इंचांपर्यंतचा फिरवू शकतो. त्यापुढे हाताने चालवायची विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओझं ओढणारा रहाट. हायड्रॉलिक हात असलेली मिल मिळाली तर हा प्रश्न सुटतो, पण जुन्या मशीनमधल्या गळक्या नळ्या आणि गंजलेल्या वायरी शिकाऊ माणसाचा धीर संपवतात असं मला वाटतं. दुसरं म्हणजे धार. पातं माझ्या हाताखाली दीड-दोन तास चांगलं चालतं, मग बदलायचं. मी दहा-बारा पाती एकदम धारेला पाठवतो. नुसतं दातांचं टोक घासून भागत नाही, दोन दातांमधला अख्खा खोलगट भाग घासून निघावा लागतो. चाकावर वाकून वाकून बारीक चिरा तिथेच पडतात आणि पातं तिथूनच तुटतं. इथे स्विंग मिल सरळ सरळ वरचढ आहे.

पण लाकडाचा हिशोब बघा. बँडचं पातं एका चिरेला अर्धं ते पाऊण सूत खातं, स्विंगचं दीड-दोन. माझ्याकडचे ओंडके बारा ते अठरा इंचांचे. अशा ओंडक्यातून इंची फळ्या काढताना बँडवर मला बहुतेक वेळा एखादी फळी जास्त मिळते. शिवाय दोन्ही कडांना साल ठेवलेली अखंड रुंद फळी बँडवर सहज निघते. स्विंगवर तिच्यासाठी वेगळा जोड लागतो, आणि जुन्या मशीनबरोबर तो क्वचितच येतो.

घराजवळच्या झाडांत खिळे, तारा, झोपाळ्याचे हूक निघतात. ओकच्या ओंडक्याच्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. बँडचं पातं खिळ्यावर गेलं की पंचवीस-तीस डॉलर गेले, विषय संपला. स्विंगचा कार्बाइड दात उडाला तर नवा डाख देऊन बसवावा लागतो. गोठलेल्या लाकडासाठी मात्र कमी झुकलेल्या दाताचं, चार अंशांचं पातं वेगळं ठेवा. उन्हाळ्यातलं दहा अंशांचं पातं जानेवारीतल्या ॲशमध्ये पुन्हा लाट काढतं, आणि माणूस उगीच रोलर फिरवत बसतो. मी एक अख्खी सकाळ तशी घालवली.

महाराष्ट्रात बागेतल्या झाडांसाठी असं मशीन आणावं का, असं गावाकडचे मित्र विचारतात. मशीनआधी कागद बघा, एवढंच मी सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या, गोदावर्मन या जंगलरक्षणाच्या प्रकरणातल्या आदेशापासून देशभर लाकूड गिरण्यांवर कडक बंधनं आली. मशीनला चाकं आहेत म्हणून ते प्रकरण हलकं होईल असं धरून चालू नका, वनखात्यात आधी विचारा. झाड तोडायचा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत सागाबरोबर आंबा, फणस, जांभूळही आहेत. हे निस्तरलं आणि मशीन घ्यायचंच झालं, तर फणसाच्या रुंद फळ्यांसाठी मी बँडच सुचवीन.

दोघे भाऊ, बापलेक किंवा शेजारी मिळून काम करणार असाल, ओंडके दोन फुटांच्या वरचे असतील आणि ते जागेवरून हलवता येत नसतील, तर स्विंग मिल बघायला जा, मी अडवणार नाही. माझी मिल दोन भावांनीच नेली. ते मोठ्या ओकचे आठ इंची चौकोनी वासे काढतात आणि समाधानी आहेत. रहाट फिरवायला दोन टोकांना दोघे असतात. पण एकटे असाल, ओंडके मध्यम असतील, घरासाठी फळ्या हव्या असतील आणि हात काळे करायची तयारी असेल, तर माझ्या मते जुनी, साधी, हाताने चालणारी बँड मिल घ्या. दुरुस्त करताना तिचा प्रत्येक भाग हाताखालून गेलेला असतो. पुढे कापताना आवाज बदलला की काय बिघडलं ते निम्मं तिथेच कळतं.

मिल बघायला जाताना सोबत विजेरी, गुण्या, दोन फुटी पट्टी आणि त्या मिलच्या मापाचं एक कोरं पातं न्या. आधी पाटाच्या दोन्ही रुळांवरून एका डोळ्याने नजर टाका. पाटाला पीळ असेल तर हात जोडून परत या. वाकलेला सांगाडा घरी सरळ होत नाही. पाट सरळ असेल तर आपलं पातं लावून, मालकाला बारा इंचांहून रुंद ओंडक्यात एक फळी कापायला सांगा आणि तिच्यावर पट्टी उभी धरा. खालून उजेड दिसला तर घाबरू नका. झाकणं उघडा, बेल्ट आणि रोलर बघा, आणि त्या लाटेचे दोन-तीनशे डॉलर भावातून कमी करून घ्या.