हलका हॅमर स्प्रिंग बरेच महिने वापरल्यावर: एआर-१५ मधले लाइट स्ट्राइक आणि त्यांचा शोध

एआर-१५ पॅटर्नच्या रायफलमध्ये कमी ताकदीचं ट्रिगर स्प्रिंग किट टाकून आता बरेच महिने झालेत, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायचंच होतं, कारण घेताना मी जे रिव्ह्यू वाचले ते जवळपास सगळे पहिल्या आठवड्यातले होते, ट्रिगर किती मऊ झाला, ग्रुप किती आवळला म्हणजे गोळ्या किती जवळजवळ पडल्या, संपलं. हे किट खरं कसं आहे ते त्यानंतरच कळतं. रायफल .२२३/५.५६ ची, नळी १६ इंची, बफर (कॅरिअरच्या मागचं वजन) कारबाइनचा, बोल्ट (नळीचा मागचा भाग बंद करणारा तुकडा) आणि त्याला धरणारा कॅरिअर स्टँडर्ड. बदलले ते फक्त ट्रिगरचे आणि हॅमरचे (चाप ओढल्यावर फायरिंग पिनला ठोकतो तो) स्प्रिंग, बाकी कशालाही हात लावला नव्हता.

आधी चांगलं सांगतो. या रायफलच्या मिलिटरी ट्रिगरचं स्पेसिफिकेशन ५.५ ते ९.५ पौंड असं आहे, म्हणजे जड ट्रिगर मिळाला तर चाप ओढतानाच निशाणा हलतो. किट टाकल्यावर तो साडेचारच्या आसपास आला आणि बेंचवरून मारताना फरक लगेच जाणवला. क्रीप, म्हणजे हॅमर सुटेपर्यंतचं चापाचं घासत सरकणं, तेवढाच राहिला, कारण स्प्रिंग बदलून सीअरचे (हॅमरला अडवून धरणारी कड) पृष्ठभाग काही बदलत नाहीत, पण बोटावरचा ताण कमी झाला. नेहमीच्या कारखान्याच्या काडतुसांवर बराच काळ एकही तक्रार नव्हती आणि मी ते सगळ्यांना घ्या म्हणूनच सांगत होतो.

मग एक दिवस चाप ओढला, टक् झालं, आणि पुढे काहीच नाही. पुंगळीच्या तळात प्रायमर नावाची छोटी टोपी असते, पिनच्या ठोक्याने ती पेटते आणि दारू पेटवते, हा ठोका कमी जोराने बसला की त्याला लाइट स्ट्राइक म्हणतात.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, ही वगळू नका. असं झालं की नळी टार्गेटकडेच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढायचं आणि कमीत कमी ३० सेकंद काहीही करायचं नाही. कधीकधी प्रायमर उशिरा पेटतो, त्याला हँगफायर म्हणतात, आणि तुम्ही घाईने बोल्ट मागे ओढला आणि ते काडतूस चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं ती जागा) बाहेर आल्यावर उडालं तर पितळेचे तुकडे तोंडावर येतात. शिवाय या रायफलमध्ये डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरसारखा परत चाप ओढून दुसरा ठोका देता येत नाही, चार्जिंग हँडल ओढलं की तो राउंड बाहेरच पडणार. तो फेकायचा नाही, खिशात वेगळा ठेवायचा. सगळा तपास त्याच्यावरच चालतो.

तो राउंड मी भिंगाखाली धरला आणि शेजारी त्याच बॅचची उडालेली पुंगळी ठेवली. उडालेल्या पुंगळीवर खोल, गोल, मधोमध खड्डा होता, तळ गुळगुळीत. न उडालेल्यावर खड्डा मधोमधच, पण उथळ, कड अजून धारदार, बोट फिरवलं तर जेमतेम लागत होता. खड्डा एका बाजूला असता तर पिन किंवा बोल्टचं छिद्र याकडे बघावं लागलं असतं, पण इथे जागा बरोबर होती आणि जोर कमी पडत होता. अजून एक, एआर मध्ये फायरिंग पिनला स्वतःचा स्प्रिंग नसतो, ती मोकळी असते, त्यामुळे बोल्ट नुसता बंद झाला तरी प्रायमरवर बारीकसा ठिपका उमटतो. तो नॉर्मल आहे. न मारता काढलेल्या राउंडवरचा हा ठिपका बघून लोक घाबरतात आणि लाइट स्ट्राइक लाइट स्ट्राइक करत सुटतात, तर तो ठिपका आणि खरा उथळ खड्डा यातला फरक एकदा डोळ्यांनी बघून ठेवा.

मग पहिला प्रश्न, दोष काडतुसात की रायफलमध्ये. असे काही राउंड जमल्यावर मित्राच्या रायफलमध्ये टाकले, तिचा ट्रिगर अगदी मूळचा, जड. सगळे उडाले. यावरून माझी रायफल दोषी असं पटकन म्हणावंसं वाटतं, पण तेवढ्यावर शिक्कामोर्तब करू नका. हाताने भरलेल्या काडतुसात प्रायमर पूर्ण आत बसला नसेल तर पहिल्या ठोक्याची ताकद त्याला खाली बसवण्यातच जाते आणि दुसऱ्या ठोक्याला तो उडतो, मग रायफल कुठलीही असो. म्हणून त्याच बॅचच्या उरलेल्या काडतुसांच्या तळावरून बोट फिरवून बघितलं. प्रायमर पुंगळीच्या तळाशी समतल किंवा किंचित आत असला पाहिजे, वर आलेला चालत नाही. माझे नीट बसलेले होते. न उडणारे सगळे मिलिटरी पद्धतीच्या कडक प्रायमरचे होते, हे मात्र तेव्हाच लक्षात आलं.

हे कडक प्रायमर आले कुठून तेही सांगतो, कारण सगळ्या प्रकरणाची गाठ तिथेच आहे. सुरुवातीच्या एआर-१५ ची फायरिंग पिन जड होती, बोल्ट पुढे आदळला की ती स्वतःच्या वजनाने प्रायमरला ठोकायची आणि चाप न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारी अमेरिकन सैन्याच्या चाचण्यांमध्ये आल्या. १९६३-६४ च्या सुमारास पिन हलकी केली गेली आणि प्रायमर किती संवेदनशील असावा यावरही मर्यादा घातली गेली. म्हणजे पिन हलकी, प्रायमर कडक, आणि त्याला फोडायला पूर्ण ताकदीचा हॅमर स्प्रिंग, हे तिन्ही एकमेकांचा हिशोब धरून बसवलेलं आहे. आजही सीसीआय ४१ सारख्या प्रायमरच्या कपचा पत्रा ०.०२५ इंच असतो, त्याच कंपनीच्या साध्या ४०० चा ०.०२०. आपण त्या तिघांतला एक स्प्रिंग काढून हलका बसवला की बाकीचे दोन होते तसेच राहतात.

तरीही लगेच स्प्रिंगवर बोट ठेवलं नाही. हॅमरच्या ठोक्याची ताकद वाटेत अनेक ठिकाणी खर्च होते, आणि प्रत्येक ठिकाणी थोडीथोडी गळली तरी शेवटी प्रायमरपर्यंत कमीच पोचते.

हॅमर स्प्रिंगचे दोन्ही पाय ट्रिगर पिनवर टेकलेले आहेत की नाही हे सगळ्यात आधी बघितलं, स्प्रिंग उलटा बसला तरी रायफल चालते पण ठोका कमजोर होतो, आणि हा दोष नव्याने जोडलेल्या रायफलींमध्ये फार दिसतो. माझा बरोबर होता. मग बोल्ट खोलला. फायरिंग पिनच्या मागच्या भागावर काळा थर, तेलात कालवलेला कार्बन, आणि बोल्टच्या आतला बोगदा सॉल्व्हंट लावलेल्या पाइप क्लीनरने साफ करताना पांढऱ्या फडक्यावर एक चकती पडली, खसखशीच्या दाण्याएवढी, चपटी, कडा थोड्या वळलेल्या. भोक पडलेल्या प्रायमरचा तो मधला तुकडा होता. तो पिनच्या वाटेत बसला की पिन पूर्ण पुढे जातच नाही. असा तुकडा सापडला की पिनचं टोकही नीट बघा, गरम गॅस त्या भोकातून मागे येऊन टोकाला खड्डे पाडतो आणि तसलं टोक पुढचे प्रायमर आणखी फोडतं. माझं टोक गोल आणि स्वच्छ होतं. पिन पूर्ण पुढे ढकलून बोल्टच्या तोंडापासून किती बाहेर येते ते मोजलं, ०.०२८ ते ०.०३६ इंचाच्या आत असायला हवं, होतं. एक लक्षात ठेवा, या बोगद्यात तेल ओतायचं नाही. पिन आणि तिचा बोगदा कोरडा किंवा नुसता पुसलेला असला की पुरे, थंडीत घट्ट झालेलं तेल पिनला ब्रेकच लावतं.

साफ केल्यावर फरक पडला का, तर पडला. मिसफायर कमी झाले, पण गेले नाहीत. बरेच जण इथेच समाधान मानतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच होतं.

मग बोल्ट पूर्ण बंद होतोय का ते पाहिलं. कॅरिअर अगदी थोडा मागे राहिला तरी हॅमरची बरीचशी ताकद त्याला पुढे ढकलण्यात जाते आणि प्रायमरवर उथळ खूण उमटते, दिसायला हुबेहूब कमजोर स्प्रिंगसारखी. चेंबर ब्रशने घासला, बफरमागचा स्प्रिंग बाहेर काढून मोजला. कारबाइनचा हा स्प्रिंग मोकळा असताना १० १/१६ इंचापेक्षा आखूड झाला असेल तर बदलायचा, असा मिलिटरी मॅन्युअलचा नियम आहे, माझा त्याच्यावर आरामात होता. हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतुसाचा खांदा टेकतो ती जागा, यातलं अंतर) गेजने तपासून घेतलं, ठीक. हेडस्पेस जास्त असेल, किंवा वापरलेली पुंगळी साइझ करताना, म्हणजे डाय नावाच्या साच्यात दाबून पुन्हा मापात आणताना, खांदा फार मागे दाबला गेला असेल, तर ठोका बसताच काडतूसच पुढे सरकतं आणि जोर वाया जातो, म्हणून हाताने भरणाऱ्यांनी डाय किती खाली उतरवतोय ते गेजने बघितलंच पाहिजे. पेन्सिल टेस्ट (रिकाम्या नळीत पेन्सिल टाकून चाप ओढायचा आणि पिन तिला किती उडवते ते बघायचं) करा असं कोणी सांगेल, ती पिस्तुलात चालते, .२२३ च्या नळीत साधी पेन्सिल शिरतच नाही.

शेवटी उरला हॅमर स्प्रिंग. मूळचा जपून ठेवला होता, तो बसवला, बाकी काहीही बदललं नाही, बॅच तीच. एकही मिसफायर नाही, आणि पुंगळ्यांवरचे खड्डे डोळ्यांना दिसतील इतके खोल. मग मुद्दाम परत हलका बसवला, आणि त्याच बॅचमध्ये पुन्हा टक् ऐकू आलं. परत मूळचा, पुन्हा बंद. एका वेळी एकच गोष्ट बदलून, आणि ती उलट फिरवूनही बघितल्याशिवाय मी कुठल्याच पार्टला दोष देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका, नाहीतर पिन, बोल्ट, बफर सगळं विकत घेऊन झाल्यावरही कारण तिथेच असतं.

विक्रेत्याला लिहिलं तेव्हा उत्तर आलं की हे किट मऊ प्रायमरसाठीच आहे. मला याचा राग आला, कारण पाकिटावर आणि वर्णनात त्याचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि सेमी-ऑटो रायफल घेणारा माणूस मिलिटरी सरप्लस काडतुसं वापरणार हे काही अनपेक्षित नाही. हे पाकिटावर ठळक छापलं पाहिजे.

आणि मऊ प्रायमर वापरा म्हणजे झालं, हा जो उपाय सगळीकडे सांगितला जातो त्याच्याशी मी अजिबात सहमत नाही. मोकळ्या पिनच्या रायफलमध्ये फार संवेदनशील प्रायमर म्हणजे बोल्ट बंद होतानाच गोळी सुटण्याचा धोका, त्यातही मॅगझिन न लावता सुटा राउंड चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडला तर जास्तच, कारण मॅगझिनमधून काडतूस ओढताना बोल्टचा वेग जो थोडा कमी होतो तोही होत नाही. मिसफायर झाला तर शॉट जातो, चाप न ओढता गोळी सुटली तर काय जाईल सांगता येत नाही. टायटॅनियमची पिन टाकून हा दोष जातो असंही म्हणतात. ती हलकी असते, वेग जास्त मिळतो हे खरं, पण तिचं टोक स्टीलपेक्षा लवकर झिजतं, आणि कमी पडलेली ताकद हॅमरकडून येते, पिनकडून नाही. स्प्रिंगचे पाय वाकवून किंवा कापून जुगाड करणं तर सोडूनच द्या.

मग हे किट घ्यावं का? फक्त कागदावर मारणार, काडतूस एकाच प्रकारचं, त्याचा प्रायमर तुमच्या रायफलमध्ये खात्रीने फुटतो हे तपासलेलं, आणि बोल्ट नियमित साफ करता, तर चालेल, ट्रिगर खरोखर छान होतो. मिळेल ते काडतूस वापरणार असाल, किंवा रायफल अशा कामासाठी असेल जिथे पहिला शॉट सुटलाच पाहिजे, तर हॅमर स्प्रिंगला हात लावू नका. बोटाला हलकं हवं असेल तर पूर्ण ताकदीचा हॅमर स्प्रिंग ठेवून जिओमेट्रीने हलके केलेले टू-स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांत ओढायचे, ट्रिगर मिळतात, महाग आहेत पण पैसे तिथे घाला. माझ्या रायफलमध्ये आत्ता हॅमर स्प्रिंग मूळचा आणि किटमधला फक्त ट्रिगर स्प्रिंग आहे. पुल साडेचारच्या थोडा वर गेला, कडक प्रायमरची ती उरलेली बॅच याच जोडणीवर पूर्ण संपवली, आणि प्रत्येक सेशननंतर शेवटच्या काही पुंगळ्यांचे खड्डे भिंगातून बघायची सवय ठेवली आहे, खड्डा उथळ व्हायला लागला की मिसफायर व्हायच्या आधीच बोल्ट उघडता येतो.