मणक्यात सिमेंट भरताना आईला पूर्ण भूल की नुसती जागा बधिर?

जत, तासगाव, कवठेमहांकाळकडून मणका दबलेली आजी सुईने त्यात हाडाचं सिमेंट भरून घ्यायला मिरजेत आली की मुलगा आधी विचारतो, "डॉक्टर, भूल दिल्यावर आई उठंल न्हवं?" भूलतज्ज्ञ म्हणून माझं उत्तर असतं: एकच मणका असेल आणि आजी पालथ्या पडू शकत असतील, तर पूर्ण भूल टाळूया.

पूर्ण भुलेत श्वासनलिकेत नळी घालतात, दुखणं कळत नाही. पण नंतर काही वृद्ध भांबावतात, सलाईन ओढून काढतात. शिवाय सुई नसेजवळ गेली तर "पायात कळ गेली" हे सांगायला पेशंट जागा नसतो.

जागा बधिर करायला लिग्नोकेन देतात. साधं लिग्नोकेन किलोमागे जास्तीत जास्त साडेचार मिलिग्रॅम. ४० किलोच्या आजीला १८० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचं फक्त ९ मिली. एक टक्क्याचं घेतलं तर १८ मिली पुरवता येतं, म्हणून मी तेच मागते. खरं दुखतं ते हाडावरचं आवरण. औषध तिथपर्यंत पोचवून दोन-तीन मिनिटं थांबायलाच हवं. घाई झाली की आजी कळवळतात. हाडाच्या आत मात्र ते नीट पोचत नाही, त्यामुळे सिमेंट जाताना दाबाची कळ येते. "काही दुखणार नाही" असं मी कुणालाच सांगत नाही.

त्या कळेसाठी सिमेंटच्या आधी शिरेतून थोडं फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक देते. मिडॅझोलाम हे गुंगीचं औषध या वयात शक्यतो नको. भ्रम होतो, श्वास मंदावतो, आणि पालथ्या माणसाला ऐनवेळी नळी घालणं फार अवघड. डेक्समेडिटोमिडीन या दुसऱ्या गुंगीच्या औषधाने श्वास फारसा दबत नाही, पण नाडी आणि बीपी उतरतं. आधीच नाडी मंद असेल तर तेही नको.

स्मृतिभ्रंशामुळे स्थिर पडणं जमत नसेल, किंवा पालथं पडल्यावर धाप लागत असेल, तर पूर्ण भूलच बरी. हे आदल्या दिवशी वॉर्डात पालथं झोपवूनच ठरवावं. कवळी काढा, पण कानाचं यंत्र राहू द्या. मला आजींशी बोलत राहायचं असतं.

सही करण्याआधी एवढं विचारा: सिमेंट भरताना दुखण्यावर काय देणार, आणि त्या वेळी आईच्या डोक्यापाशी कोण उभं असणार?