पडद्याचा फोटो हातात द्या : मधुमेहींच्या डोळे तपासणीचा दीड वर्षाचा अनुभव

तपासणीला पाचपैकी साडेचार. जिथे ती पहिल्यांदा केली, त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खिडकीला शून्य. खिडकीबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण तिथला मनस्ताप अजून गेलेला नाही.

शुगर असेल तर डोळ्यांचा पडदा (रेटिना) वर्षातून एकदा दाखवायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. टाइप २ असेल तर पहिली तपासणी निदान झाल्याबरोबरच, कारण सापडण्याआधी शुगर किती वर्षं अंगात होती ते कोणालाच सांगता येत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असं नाही. माझी नजर चष्म्यासकट ६/६ होती, मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत होती, आणि तरीही पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांना फुगे आले होते. मधला भाग, म्हणजे मॅक्युला, शाबूत असेपर्यंत बहुतेकदा आपल्याला काहीही जाणवत नाही.

तपासणीआधी बाहुली मोठी करायला थेंब टाकतात, त्यांचा त्रास लोक सांगतात तेवढा नाही. टाकल्यावर चुरचुरतं आणि घशात कडू चव उतरते. नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरला की कडवटपणा कमी होतो. बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं, आणि नंतरचे चार ते सहा तास जवळचं वाचता येत नाही. उन्हात डोळे उघडवत नाहीत, त्यामुळे स्वतः गाडी चालवायची नाही, सोबत कोणीतरी हवं. माझ्याबरोबर हे आले होते म्हणून निभावलं. एक मात्र मुळीच पटलं नाही : संमतीच्या कागदावर सही थेंब टाकल्यानंतर मागितली. समोरची ओळ दिसत नसताना सही कसली करायची? सही आधी घ्या, असं तिथे स्पष्ट सांगा.

मध्यंतरी माझ्या शुगरच्या डॉक्टरांकडे छोटा कॅमेरा आला. थेंब नाहीत, फोटो काढला की संगणक पाच मिनिटांत निकाल देतो. तेव्हा मी सगळ्या मैत्रिणींना सांगत सुटले की आता हेच करा, अर्धा दिवस वाचतो. आता मत थोडं बदललंय. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, त्या डोळ्याचा फोटो धूसर आला आणि निकालात ‘अनग्रेडेबल’ असं पडलं. म्हणजे ‘काही नाही’ असं नव्हे, तर ‘वाचता आलं नाही’. असा शेरा आला की थेंब टाकून तपासणी करायलाच हवी. ज्यांच्या गावात डोळ्यांचे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी हा कॅमेरा उत्तमच आहे, फक्त निकालाचा कागद नीट वाचा.

आता मूळ मुद्दा. पहिल्या वर्षीच्या बिलात ‘फंडस फोटो, दोन्ही डोळे’, म्हणजे पडद्याचे फोटो, असे आठशे रुपये लावले होते. हातात काय आलं? एका ओळीचा कागद : मायल्ड एनपीडीआर (शुगरमुळे पडद्यावर झालेला सुरुवातीचा, सौम्य बिघाड), वर्षाने या. यंदा घराजवळच्या रेटिना तज्ज्ञांकडे गेले. त्यांना उजव्या डोळ्यात रक्ताचे बारीक ठिपके दिसले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘मागच्या वर्षीचा फोटो आहे का?’’

या प्रश्नाला माझ्या बाबतीत फार वजन होतं. मधल्या काळात औषधं बदलून माझं एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) १०.४ वरून ७.१ वर आलं होतं, तेही काही महिन्यांत. शुगर इतकी झपाट्याने खाली आली की पडद्याचा त्रास काही काळ उलट वाढू शकतो, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. पुढे जाऊन शुगर आटोक्यात असण्याचा फायदाच होतो, म्हणून औषध सोडायचं नाही, पण डोळ्यांवर लक्ष जास्त ठेवायचं. ठिपके जुने की नवे, हे ‘मायल्ड’ या शब्दावरून कसं कळणार? त्याला जुना फोटोच लागतो.

जुन्या हॉस्पिटलच्या खिडकीवर उत्तर मिळालं, ‘‘मॅडम, फोटो सिस्टिममध्ये आहेत, पण पेशंटला देत नाही. रिपोर्ट दिलाय ना!’’ पुढच्या वेळी साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या वेळी, ‘‘तुमच्या डॉक्टरांनाच फोन करायला सांगा.’’ डोळे माझे, पैसे माझे, आणि फोटो मागायला शिफारस लागते, याचा मला भयंकर राग आला आणि तो रास्त होता. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत लिहिलेलं आहे की रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची. भाचीने हे शोधून दिलं. तोच नियम लिहून अर्ज दिला आणि मुदतीच्या आत फोटो मेलवर आले.

रेटिनाच्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. केशरी गोल, त्यात नसेचा पिवळट पांढरा ठिपका, तिथून खाली जाणाऱ्या शिरेला फुटलेला फाटा. मागच्या वर्षी त्या फाट्याजवळ काही नव्हतं. यंदा तिथे लाल ठिपके आणि एक पिवळी कड दिसत होती. मलासुद्धा दिसलं, कोणी सांगावं लागलं नाही. ओसीटीत (पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये) मॅक्युलाला सूज नव्हती, त्यामुळे इंजेक्शन नको, लेसरही नको. पण पुढची तपासणी वर्षाने नाही, सहा महिन्यांनी.

खर्चाची चिंता असेल त्यांच्यासाठी : ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. पडद्याची तपासणी कोणत्या वारी होते तेवढं आधी विचारून जा.

आणि फोटो त्याच दिवशी मागा, पैसे भरतानाच. नाही म्हणाले तर साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा, तपासणीची तारीख आणि बिल नंबर घाला, दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. माझं काम त्या पोचेनंतरच झालं.