मदनबाण मोगरा, अनंत आणि गुलाबाची झाडं कुरिअरने मागवली, कशी निघाली ते सांगते

आधी पॅकिंगबद्दल, कारण सगळ्यांना तीच धाकधूक असते. पॅकिंगला पैकीच्या पैकी मार्क. खोक्यावर वरची बाजू दाखवणारा मोठा बाण असूनही खोका गेटवर वॉचमनच्या टेबलाखाली आडवा पडला होता, तरी चिमूटभर माती सांडलेली नव्हती. कुंडीला प्लॅस्टिकची पिशवी, ती खोडापाशी सुतळीने आवळलेली, आत ओल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर, त्यावर पुठ्ठ्याची चकती आणि कुंडी खोक्याच्या तळाला टेपने पक्की केलेली. खोक्याला हवेसाठी भोकं होती. मोगऱ्याच्या फांद्या बांबूच्या काडीला सैल बांधल्या होत्या. त्याच्या कळ्या गळून पिशवीत पडल्या होत्या, पण अंधारात प्रवास झाला की कळ्या गळतातच, त्यासाठी तक्रार करू नका.

ऑनलाइन मागवायचं खरं कारण म्हणजे जात. आमच्या गोरेगावला नर्सरीत मोगरा मागितला की मोगरा मिळतो, पण बटमोगरा का मदनबाण विचारलं की "फूल आलं की कळेल ताई". मला मदनबाणच हवा होता, लांब टोकदार कळीचा, गजऱ्यात काय सुंदर दिसतो! पुण्याकडच्या या नर्सरीने मदनबाण म्हणून पाठवला आणि नंतर फूल धरलं तेव्हा खरोखर मदनबाणच निघाला. माझ्यासाठी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, एवढ्यासाठी मी यांच्याकडून परत घेईन.

गुलाबही चांगला. डोळा भरलेला होता, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवून केलेलं कलम, आणि त्याचा सांधा मातीच्या वर स्पष्ट दिसत होता. सांध्याच्या खालून फूट आली तर लगेच काढून टाका, ती खालच्या जंगली खुंटाची असते आणि सगळी ताकद तीच खाते.

आता अनंत. पानं पिवळी पडली होती ते समजू शकते, नाजूक झाड आहे. पण पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि ते काही कुरिअरमध्ये लागले नाहीत, नर्सरीतूनच आलेत. फोटो पाठवले तर उत्तर आलं की फवारणी करा, झाड मेलं तरच बदलून देऊ. हे मला अजिबात पटलं नाही. मुंबईत आपल्याकडे बाग म्हणजे खिडकीची ग्रिल, कुंडीला कुंडी चिकटलेली, एका झाडाची कीड बघता बघता सगळ्यांना लागते. मी अनंत वेगळा ठेवला, पुंजके ओल्या फडक्याने पुसले आणि पाण्यात कडुनिंबाचं तेल आणि थोडं लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारलं, पानांच्या खालूनसुद्धा. वाचलाय, पण यासाठी एक स्टार कापला.

मागवणार असाल तर खोका उघडताना व्हिडिओ काढाच, त्याशिवाय हे लोक काही ऐकून घेत नाहीत. झाड आल्या आल्या मोठ्या कुंडीत लावायची घाई नको आणि खतही नको, माती कोरडी असेल तर पाणी घालून आठवडाभर सावलीत ठेवा, मग सकाळचं ऊन द्या, माझ्यासारखी पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारचं ऊन सगळ्यात शेवटी. मे महिन्यात मागवू नका, खोक्यात झाड उकडून निघतं. पावसाळ्यात झाड पटकन सावरतं, फक्त गाड्या बंद पडतील अशा मुसळधार आठवड्यात ऑर्डर टाकू नका, पार्सल गोडाऊनमध्येच अडकून राहतं.

डिलिव्हरीचा खर्च बघता एकटं झाड परवडत नाही, शेजारणीला सोबत घ्या. तुळस, सदाफुली, मनी प्लांट तर खालच्या हातगाडीवरच घ्या, स्वस्त आणि डोळ्यासमोर. आणि अनंत मी यापुढे पान उलटं करून बघितल्याशिवाय घेणार नाही.