ठिबकचे अनुदान की सौर पंप?

काटोलजवळ दोन एकर संत्र्याची बाग असलेले आमचे काका आधी कशासाठी अर्ज करावा, या पेचात आहेत. सौर पंपाच्या खर्चात सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के असून अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्तीचा पंप मिळतो. ठिबकसाठी अल्पभूधारकास राज्याच्या पूरक मदतीसह 80 टक्के अनुदान असले, तरी ते सरकारने ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चावर मोजले जाते आणि संच बसवून तपासणी झाल्यावरच खात्यात येते, म्हणजे आधी पदरचे पैसे गुंतवावे लागतात. खरी अडचण तीच. देखभालीत पंपाला 5 वर्षांची हमी आहे, नळ्या मात्र आपणच साफ करायच्या (आणि उंदरांपासून राखायच्या). ज्याच्या विहिरीला पाणी आहे, पण वीज रात्रीच येते, त्याने पंप घ्यावा. एप्रिलमध्येच जिची विहीर तळ गाठते, त्या बागेला आधी ठिबकच हवे.