लिसिअँथसच्या नावाखाली मोहरी

कॅनडातल्या कॅलगरीत बाग म्हणजे दिवसांचा हिशेब. मेमधल्या लाँग वीकेंडपर्यंत फ्रॉस्टची, म्हणजे रोपं गोठवणाऱ्या थंडीची धास्ती, आणि सप्टेंबर अर्धा सरला की तो परत दारात. मध्ये मिळतात जेमतेम ११५ दिवस. आणि मला हवं होतं लिसिअँथस! गुलाबासारखं दिसणारं हे फूल हल्ली आपल्याकडेही बुकेत असतं. पेरल्यापासून फुलायला त्याला पाच-सहा महिने लागतात, म्हणून जानेवारीतच बेसमेंटमध्ये दिव्याखाली पेरायचं.

एका साइटवर आकाशी निळ्या लिसिअँथसचा फोटो दिसला. सहा डॉलरमध्ये २०० बिया. लिसिअँथसचा 'निळा' म्हणजे खरं तर जांभळा, हे मला तेव्हा कुठे माहीत! लगेच मागवल्या. पाकीट आलं फेब्रुवारीच्या शेवटी, परदेशातून, आणि वर सामानाचं नाव काय, तर 'दागिने'. मी हसले. तिथेच थांबायला हवं होतं. २०२० च्या उन्हाळ्यात न मागवलेल्या बियांची अशीच पाकिटं लोकांच्या घरी आली होती, तेव्हा इथल्या सरकारी अन्न तपासणी संस्थेनं 'पेरू नका' असं बजावलं होतं. पण आधीच उशीर झालेला, त्याच संध्याकाळी ट्रे भरला.

चौथ्या दिवशी सगळा ट्रे हिरवागार! मी खूश. नंतर कळलं, लिसिअँथस इतक्या लवकर उगवतच नाही. त्याला दहा ते वीस दिवस लागतात. बीसुद्धा धुळीच्या कणाएवढं, म्हणून दुकानात मातीचा लेप दिलेल्या गोळ्या मिळतात, त्याही पाकिटात मोजक्याच. माझ्या बिया चांगल्या गोल, तपकिरी, बोटांच्या चिमटीत येणाऱ्या. रोज फोडणीत टाकते ती वस्तू मला ओळखू आली नाही, याचीच जास्त लाज वाटते.

ओळखलं आईनं, नाशिकहून, व्हिडिओ कॉलवर. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची ती पहिली दोन पानं बघून म्हणाली, "अगं, ही मोहरी आहे. भाजी करणार आहेस का?"

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर अगदी गोड: "रोपं लहान आहेत, फुलं येईपर्यंत धीर धरा." मग आणखी फोटो मागितले. मग वीस टक्के परत देतो म्हणाला. हे सगळं कशासाठी, ते एप्रिलमध्ये उमगलं. साइटवर तक्रार करायची मुदत तोवर संपली होती.

सहा डॉलरचं काही नाही हो. पण एप्रिलच्या मध्याला लिसिअँथस पेरलं तर कळ्या धरायच्या वेळीच फ्रॉस्ट पडणार. म्हणजे वर्ष गेलं. पुण्यात फसले असते तर पुढच्या महिन्यात पुन्हा पेरलं असतं.

रोपं बाहेर लावली नाहीत, कंपोस्टमध्येही टाकली नाहीत. आमचा आल्बर्टा हा कॅनोलाचा, म्हणजे मोहरीच्याच कुळातल्या तेलबियांचा प्रांत आहे, त्याच कुळातलं अनोळखी बी इथल्या मातीत कशाला? पिशवीत बांधून कचऱ्यात दिली.

या वेळी गोळ्या डिसेंबरमध्येच इथल्या बियाण्याच्या दुकानातून आणल्या. मोजून पंधरा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नुसत्या मातीवर ठेवल्या, वरून झाकल्या नाहीत, कारण त्यांना उगवायला उजेड लागतो. तेराव्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके दिसले. आईला कॅमेरा अगदी जवळ नेऊन दाखवला.

"कुठे आहे?" ती म्हणाली. "मला तर नुसती मातीच दिसतेय."