आर्ट पेपर मीट्स द ऱ्हिदम सेक्शन: दंतकथा बाजूला ठेवून ऐकावी अशी रेकॉर्ड

ही रेकॉर्ड आजवर तिच्यामागच्या गोष्टीवरच जास्त खपली आहे. गोष्ट अशी: 19 जानेवारी 1957 च्या सकाळी लॉस एंजेलिसमध्ये ऑल्टो सॅक्सोफोन वाजवणारा जॅझ वादक आर्ट पेपर याला बायको उठवते आणि सांगते, आज रेकॉर्डिंग आहे. सोबतीला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडचा ऱ्हिदम सेक्शन, म्हणजे ताल आणि साथ सांभाळणारे तिघे: पियानोवर रेड गारलंड, बेसवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर फिली जो जोन्स. त्या काळी या तिघांच्या तोडीचा ताफा शोधून सापडला नसता, आणि पेपर त्यांच्याबरोबर कधी वाजवलेला नाही. त्यात तो हेरॉइनच्या कह्यात. सॅक्सोफोनला बराच काळ हात लागलेला नाही, कॉर्क सुकून तुटलेला. तो कॉर्कवर चिकटपट्टी गुंडाळतो, टोचून घेतो, स्टुडिओत जातो आणि एका दिवसात आयुष्यातल्या सर्वोत्तम रेकॉर्डपैकी एक करून येतो.

ही हकिकत खुद्द पेपरनेच सांगितलेली. पण या दिवसाच्या बरोबर 5 दिवस आधी, 14 जानेवारीला, तो 'मॉडर्न आर्ट' या दुसऱ्या अल्बमसाठी रेकॉर्डिंग करत होता. त्याआधी 28 डिसेंबरलाही. म्हणजे वाद्य धूळ खात पडलं होतं, हा भाग टिकत नाही. व्यसन, धास्ती, अनोळखी साथीदार हे सगळं खरं धरून चाललं तरी हात बसलेला होता. हे सांगायला हवं, कारण 'रियाझ नाही, नशेत, एका दमात' अशा तयारीने ऐकायला बसलं की कान चमत्कार शोधत राहतात आणि प्रत्यक्षात काय वाजवलंय ते निसटून जातं.

कॉर्कचा तपशील मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. सॅक्सोफोनच्या वाकड्या गळ्याच्या, म्हणजे नेकच्या, टोकाला कॉर्कचा पातळ पट्टा चिकटवलेला असतो आणि माउथपीस त्याच्यावर दाबून बसवतात. वाद्याचं सुरात असणं इथेच ठरतं: माउथपीस आत सरकवला की सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. कॉर्कला ग्रीस लावलं नाही तर तो कोरडा पडतो, आकसतो, चिरतो. मग माउथपीस डुगडुगतो, फटीतून हवा निसटते आणि खालच्या पट्टीतले सूर धरता धरत नाहीत, घोगरे फुटतात. चिकटपट्टीने हवा अडते, पण माउथपीस केसभर पुढेमागे सरकवून सूर जुळवायची सोय जाते. उरलेलं सगळं ओठांनी आणि श्वासाने सांभाळावं लागतं. वाद्याची अवस्था खरंच अशी असेल, तर या रेकॉर्डमध्ये पेपरचा सूर जितका स्थिर आहे ते पक्क्या तयारीचं काम आहे. नशेने ओठ सुरात येत नाहीत.

आता संगीत. पहिल्या बाजूची सुरुवात कोल पोर्टरच्या 'यू'ड बी सो नाइस टू कम होम टू'ने होते, आणि ज्याला पेपर माहीत नाही त्याने फक्त हाच ट्रॅक दोनदा ऐकावा. पहिल्यांदा सॅक्सोफोनकडे दुर्लक्ष करून निव्वळ चेंबर्सचा बेस धरावा. चारही मात्रा सरळ चालतात, कुठेही दाखवेगिरी नाही. दुसऱ्यांदा त्या चालीवर पेपरची वाक्यं कुठे सुरू होतात ते पाहावं. तो मात्रेवर क्वचित उतरतो. अर्धी मात्रा थांबून आत शिरतो, दोन-तीन छोटे तुकडे टाकतो, गप्प बसतो, मग एक लांब वाक्य एका श्वासात पार टोकाला नेतो. त्याच्या पिढीतले बहुतेक ऑल्टो वाजवणारे चार्ली पार्करच्या सावलीत गेले. पेपरला पार्कर पूर्ण ठाऊक होता, पण त्याच्या आवाजात टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचा हलकेपणा टिकून राहिला. सूर बारीक, थोडासा आंबूस, कडांना कापरा. हा आवाज कुणाला पहिल्या भेटीत गोड वाटणार नाही.

'रेड पेपर ब्लूज' गारलंडची, सुटसुटीत. 'इमॅजिनेशन' सुंदर आहे. 'वॉल्ट्झ मी ब्लूज' तीन मात्रांच्या चालीतला छोटासा तुकडा आहे, आवडला तर आवडला.

मग येतो 'स्ट्रेट लाइफ'. पेपरची स्वतःची रचना, 'आफ्टर यू'व्ह गॉन' या जुन्या गाण्याच्या कॉर्ड्सवर बांधलेली. पुढे आत्मचरित्राला त्याने हेच नाव दिलं. लय इतकी चढी की बहुतेक वादक इथे पाठ केलेल्या ताना ओतून वेळ मारून नेतात. पेपर तसं करत नाही. वेग कायम ठेवून तो मधे जागा सोडतो, आणि त्या जागेत जोन्सचा स्नेअर ड्रम उत्तर देतो. एवढ्या वेगात गप्प राहण्याचं धाडस ज्याच्या अंगी आहे, त्याला लयीची अजिबात धास्ती उरलेली नसते. रेकॉर्डमधला सर्वात अवघड क्षण हा, आणि दंतकथेच्या नादात हाच बहुतेकांकडून सुटतो.

दुसऱ्या बाजूचा कणा 'टिन टिन डेओ'. साडेसात मिनिटांच्या वर जाणारा हा इथला सर्वात लांब ट्रॅक, क्यूबन ठेक्याचा. जोन्स काय दर्जाचा होता ते इथे कळतं. गारलंडकडेही इथे नीट कान द्यावा. उजव्या हातात अष्टक आणि मधे पंचम असा भरीव ठोकळा, डाव्या हाताचे कॉर्ड दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेच्या जरा मागून पडणारे. तेवढ्याने सगळा बँड तरंगल्यासारखा वाटतो. 'जॅझ मी ब्लूज' 1921 ची जुनी चीज, पेपरने ती कसलाही संकोच न करता वाजवली आहे. 'स्टार आइज' आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीची 'बर्क्स वर्क्स' चांगल्याच आहेत, पण 'टिन टिन डेओ'च्या मागे पडतात.

रेकॉर्डिंगचं श्रेय रॉय ड्युनान या इंजिनिअरचं. कंटेम्पररी रेकॉर्ड्सचा मालक लेस्टर कोनिग याचा स्टुडिओ म्हणजे मेलरोझ प्लेसवरच्या कंपनीच्या कचेरीतली माल पाठवायची खोली. ड्युनान कंडेन्सर मायक्रोफोनचा तगडा सिग्नल प्रीअँपशिवाय, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या मधल्या यंत्राशिवाय, शक्य तितक्या कमी जोडण्यांतून थेट टेपवर नेई आणि टेपवर कृत्रिम घुमारा मिसळत नसे. त्यामुळे झांजेवर काठी पडली की लाकडाचा टणका आणि धातूची लांब शेपूट वेगवेगळी ऐकू येते. 1957 च्या हिशोबाने हा आवाज थक्क करणारा आहे.

एक अडचण आहे ती स्टिरिओची. पेपर पूर्ण डावीकडे, पियानो-बेस-ड्रम्स पूर्ण उजवीकडे. स्पीकरवर दोघांत खोलीची हवा मिसळते, त्यामुळे चालून जातं. हेडफोनवर मात्र एका कानात सॅक्सोफोन, दुसऱ्यात बाकीचे, आणि पंधरा मिनिटांत डोकं शिणतं. उपाय सोपा आहे: अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबावं, फोनवर ऐकत असाल तर ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ सुरू करावा. सॅक्सोफोन शिकणाऱ्यांसाठी हाच दोष वरदान आहे. बॅलन्सचं बटण उजवीकडे फिरवलं की पेपर जवळजवळ गायब होतो आणि त्या काळचा सर्वोत्तम ऱ्हिदम सेक्शन साथीला मिळतो. मायक्रोफोनमधून थोडा सॅक्सोफोन झिरपतो, पण सरावाला त्याचा अडथळा होत नाही.

व्यसनाबद्दल बोलल्याशिवाय ही रेकॉर्ड पुरती समजत नाही. गोष्टीच्या चवीसाठी ते बोलू नये, हिशोबासाठी बोलावं. पेपरचा जन्म 1925 चा. स्टॅन केंटनच्या बँडमध्ये नाव झालं, आणि त्याच बँडबरोबर शिकागोत असताना 1950 मध्ये त्याने पहिल्यांदा हेरॉइन घेतलं. हेरॉइनचा अंमल काही तासांचाच असतो. शेवटच्या टोचणीनंतर साधारण 6 ते 12 तासांत नाक-डोळे गळायला लागतात, हाडं दुखतात, पोटात मुरडा येतो, आणि 1 ते 3 दिवसांत हा त्रास शिगेला पोचतो. रात्री उशिरापर्यंत क्लबमध्ये वाजवणाऱ्या माणसाचा सगळा दिवस मग या घड्याळाभोवती बांधला जातो: पैसा कुठून, माल कुठून, कार्यक्रमाआधी की मध्यंतरात. रियाझ, नव्या रचना, बँड टिकवणं या सगळ्याला उरलासुरला वेळ. वाद्य गहाण पडतं ते वेगळंच. तुरुंगातून सुटल्यावरचा काळ सर्वात घातक, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि हात मात्र जुनंच प्रमाण घेतो.

अमेरिकन कायदाही त्या काळात कडक होत गेला. 1951 च्या बॉग्ज कायद्याने आणि 1956 च्या नार्कोटिक कंट्रोल कायद्याने किमान शिक्षा ठरवून टाकल्या आणि वाढवल्या. त्यात न्यायाधीशाला फारशी मोकळीक उरली नाही. कॅलिफोर्नियात तर अमलाखाली सापडणं हाच गुन्हा होता. उपचार म्हणून डॉक्टरच्या हाती फारसं काही नव्हतं. हेरॉइनच्या जागी मेथाडोन हे औषध रोजच्या देखरेखीने देण्याची पद्धत 1960 च्या दशकाच्या मध्यावर आली.

पेपरच्या बाबतीत याचा हिशोब त्याच्या रेकॉर्ड्सच्या यादीतच दिसतो. नोव्हेंबर 1960 मध्ये त्याने 'इंटेन्सिटी' रेकॉर्ड केला. स्वतःच्या नावावरचा पुढचा स्टुडिओ अल्बम 'लिव्हिंग लेजंड' ऑगस्ट 1975 चा. पस्तिशीपासून जवळजवळ पन्नाशीपर्यंत, वादकाच्या ऐन पिकलेल्या काळात, मधे सॅन क्वेंटिन तुरुंग, मग 1969 पासून सिनानॉन ही व्यसनमुक्तीची वसाहत. जॅझ त्या काळात कुठल्या कुठे गेला. हेरॉइनने पेपरला हा आवाज दिला असं मानणाऱ्यांनी या रिकाम्या जागेकडे पाहावं. 1957 मध्ये जे ऐकू येतं ते नवव्या वर्षी हातात आलेल्या क्लॅरिनेटपासून, किशोरवयात लॉस एंजेलिसच्या सेंट्रल ॲव्हेन्यूवरच्या जॅझ क्लबांत काढलेल्या रात्रींपासून साठत आलेलं भांडवल आहे. व्यसनाने ते खर्च केलं.

याच खोलीतली बाकीची माणसंही सुखरूप नव्हती. जोन्सचं हेरॉइनचं व्यसन सर्वश्रुत होतं. चेंबर्स दारू आणि हेरॉइनमध्ये खचत गेला आणि 1969 मध्ये क्षयाने वारला, तेव्हा तो 33 वर्षांचा होता. 'स्ट्रेट लाइफ'मध्ये ज्याचा बेस एक मात्राही ढळत नाही, तो वादक त्या दिवशी अवघा 21 वर्षांचा होता.

कुठली प्रत घ्यावी? एलपी हवी असेल तर क्राफ्ट या कंपनीने अकूस्टिक साउंड्स या कंपनीबरोबर काढलेली 180 ग्रॅमची आवृत्ती पहिली निवड. मूळ टेपवरून ती मास्टरिंग इंजिनिअर बर्नी ग्रंडमनने कट केली आहे, आणि ग्रंडमन तरुणपणी कंटेम्पररीतच काम करत होता, त्यामुळे हा आवाज कसा असायला हवा हे त्याला पक्कं ठाऊक. जुन्या बाजारात ओरिजिनल जॅझ क्लासिक्स या पुनर्प्रकाशन मालिकेतली ओजेसी-338 क्रमांकाची प्रत मिळते. ती कमी पैशांत येते आणि आवाज प्रामाणिक आहे. वापरलेली प्रत घेताना पहिल्या बाजूचा शेवट आधी वाजवून पाहावा. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या 12 इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर सरकते. आत 6 सेंटिमीटर त्रिज्येच्या आसपास हाच वेग 21 वर येतो. तितक्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला जातो आणि वरच्या पट्टीतले सूर खरखरायला लागतात. 'स्ट्रेट लाइफ' नेमका बाजूच्या शेवटी आहे, म्हणजे सर्वात वेगवान ट्रॅक सर्वात अडचणीच्या जागी. आधीच्या मालकाने घासलेल्या सुईने वाजवली असेल तर झीज इथे आधी कळते. सुई लंबगोल किंवा त्याहून बारीक टोकाची असावी आणि काट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची पट्टी) लावून नीट बसवलेलं असावं, नाहीतर चांगली प्रतही इथे वाईट वाजेल.

सीडीवर ही भानगड नाही आणि 'द मॅन आय लव्ह' हा जादा ट्रॅक मिळतो. प्लेअर चांगला असेल तर सीडी घेण्यात काहीच कमीपणा नाही.

ही आवडली तर पुढची 'गेटिन टुगेदर', 1960 ची. तिथे पुन्हा माइल्सचाच ऱ्हिदम सेक्शन आहे, पण बदललेला: पियानोवर विंटन केली, ड्रम्सवर जिमी कॉब, बेसवर तोच चेंबर्स. त्यानंतर थेट जुलै 1977 च्या, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधल्या रेकॉर्डिंगकडे जावं, जॉर्ज केबल्स, जॉर्ज म्राझ आणि एल्विन जोन्स यांच्याबरोबरच्या. त्या पेपरचा सूर खरबरीत झाला आहे, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा ठसा दिसतो, वाक्यं मधेच तुटतात आणि किंचाळतात. 1957 च्या लगेच नंतर ऐकली तर धक्का बसेल, म्हणून मधे 'इंटेन्सिटी' ऐकून घ्यावी.